आकडे आपले, उच्चार साहेबाचा



लढाया, किल्ले आणि तह यांवर आपण या मालिकेत पुष्कळ बोललो. आजचा विषय दिसायला अगदी शाळकरी आहे. इंग्रजीत आकडा लिहायचा कसा आणि म्हणायचा कसा? नातवंडांचा अभ्यास घेणाऱ्या आजी-आजोबांना हा प्रश्न रोज पडतो. परदेशात मुलांकडे राहायला गेलेल्यांना तो दुकानात, बँकेत आणि दवाखान्यात पडतो. आणि ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे सैन्यात काढली त्याला तर हा प्रश्न शाळकरी वाटतच नाही. आकडा चुकीचा ऐकला गेला की काय होते, ते तिथे पहिल्या महिन्यातच शिकवतात.

म्हणून आज नियम थोडे सांगणार आहे, इतिहास जास्त. इतिहास कळला की नियम पाठ करावे लागत नाहीत.

एका रकमेची तीन नावे

मी जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात राहतो. सागरच्या मराठ्यांनी १७८१ साली गढा-मंडल्याचे गोंड राज्य संपवले आणि जबलपूर मराठी अमलाखाली आले. १७९८ च्या सुमारास ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले, आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतले. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर, त्यामुळे कचेरी, शाळा, कोर्ट, रेल्वे अशा निमित्तांनी मराठी माणसांची ये-जा चालूच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले, आणि इकडची मराठी घरे मध्य प्रदेशात राहिली. आमच्या घरांतून मराठी टिकली, पण गल्लीत पाऊल टाकले की हिंदी आणि शाळेत इंग्रजी.

आता किराणा दुकानात काय होते पाहा. दुकानदार म्हणतो, ‘उनहत्तर रुपये’. आजी घरी येऊन वहीत लिहिताना म्हणते, ‘एकोणसत्तर’. नातू विचारतो, ‘सिक्स्टी-नाइन ना?’ रक्कम एकच, ६९. पण हिंदी आणि मराठी दोन्ही भाषा सत्तरकडे बघून एक कमी म्हणतात, आणि इंग्रजी साठकडे बघून नऊ जास्त म्हणते. मुलाच्या कानावर ‘सत्तर’ पडते आणि हात ७ लिहायला धावतो. मग ७९ होतात. तो मुलगा ढ नाही. त्याला एकाच वेळी तीन भाषांच्या तीन रीती सांभाळायच्या आहेत.

मोठ्यांचीही तीच गत. सत्तावीस म्हणताना आपण आधी सात उच्चारतो आणि लिहिताना आधी दोन लिहितो. तोंड उजवीकडून चालते, हात डावीकडून. सवयीमुळे आपल्याला ते जाणवत नाही, एवढेच. पण असे झाले कसे? त्यासाठी दोन हजार वर्षे मागे, जुन्नरजवळच्या एका घाटात जावे लागते.

नाणेघाटातला आकडा

कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळातली एक लेणी आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख आहे. राणी नागनिकेशी त्याचा संबंध जोडला जातो. केलेल्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची ती यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, आणि प्रत्येकाचा आकडा. काळ साधारण इसवी सनापूर्वीचे पहिले शतक. भारतात दगडावर कोरलेल्या आकड्यांचा इतका मोठा आणि इतका जुना संच क्वचितच सापडतो.

या आकड्यांत शून्य नाही. दहासाठी वेगळी खूण, वीससाठी वेगळी, शंभरासाठी वेगळी, हजारासाठी वेगळी. सतराशे लिहायचे तर हजाराची खूण, आणि पुढे शंभराच्या खुणेला सात जोडून सातशेची खूण. म्हणजे तोंडाने आपण ‘एक हजार सातशे’ म्हणतो, तसेच दगडावर लिहिले जाई. म्हणणे आणि लिहिणे यांत फार अंतर नव्हते.

पुढच्या काही शतकांत आपल्या लोकांनी मोठी उडी मारली. नऊ चिन्हे आणि एक शून्य ठेवले, बाकी सगळ्या खुणा काढून टाकल्या. आकड्याची किंमत त्याच्या जागेवरून ठरू लागली. आमच्याच मध्य प्रदेशात, ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ च्या लेखात देवाच्या फुलबागेची लांबी-रुंदी दिली आहे, २७० हात आणि १८७ हात. रोजच्या ५० माळांचाही उल्लेख आहे. त्या २७० मधले आणि ५० मधले शून्य म्हणजे छोटेसे गोल वर्तुळ. आज शाळेतला मुलगा काढतो तसेच.

या उडीचा एक परिणाम आपल्या सहसा लक्षात येत नाही. शून्य आले आणि कागदावरून ‘शंभर’, ‘हजार’ हे शब्द गेले. २७० मध्ये ‘शे’ कुठे लिहिलेले आहे? कुठेच नाही. ते जागेत दडलेले आहे. वाचणाऱ्याने ते आपल्या जिभेने परत भरायचे. आणि जीभ प्रत्येकाची वेगळी. म्हणून लिहिण्याची रीत पुढे सगळ्या जगाची एक झाली, म्हणण्याची रीत मात्र ज्याच्या त्याच्या घरची राहिली. आकड्यांच्या बहुतेक चुका या दोहोंच्या मधल्या फटीत होतात. आजच्या भागातली एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुरे.

या जागांना आपल्याकडे नावे होती. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त ती ओळीने येतात: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, आणि तशीच पुढे परार्धापर्यंत अठरा. प्रत्येक जागा आधीच्या दसपट. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचा शिलालेख आहे. म्हणजे हा विषय खानदेशात रीतसर शिकवला जात होता.

शब्द परत आले

हे आकडे अरबांकडे गेले आणि तिथून युरोपात. इटलीतल्या पिसा गावच्या लिओनार्दोने, ज्याला आपण फिबोनाची म्हणून ओळखतो, १२०२ साली त्यांवर पुस्तक लिहिले आणि ती हिंदूंची नऊ चिन्हे आहेत हे स्वच्छ सांगितले. व्यापाऱ्यांना ती फार सोयीची वाटली. पण १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने आपल्या सभासदांना हिशेबाच्या वह्यांत हे आकडे वापरायला बंदी केली. रक्कम अक्षरात लिहा, असा नियम झाला.

या बंदीमागची अडचण खरी होती. नाणेघाटातल्या दगडावर कोणी शेवटी एक वर्तुळ कोरले असते तर त्याला काही अर्थच नव्हता. पण नव्या पद्धतीत १०० च्या पुढे एक शून्य टाकले की हजार. ज्या गुणामुळे हा आकडा हिशेबाला सोपा, त्याच गुणामुळे तो फेरफारालाही सोपा. मग तोड काय? जे शब्द शून्याने कागदावरून घालवले होते ते परत आणायचे. आजही आपण धनादेशावर रक्कम आकड्यात आणि अक्षरी अशी दोनदा लिहितो, आणि शेवटी ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ घालतो, म्हणजे पुढे कोणी काही जोडू नये. आणि या दोहोंत तफावत पडली तर आपल्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याप्रमाणे, तो १८८१ चा, अक्षरी रक्कम खरी धरतात. शून्याच्या देशातही साक्ष शब्दाचीच मानली जाते, हे ध्यानात घ्या.

आपल्या मराठी दप्तरांतही शब्दांत लिहिलेले आकडे आहेत, आणि तेही अरबी शब्दांत. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतो. जबलपूर मराठ्यांकडे आले त्या साली मोडी कागदावर मृगापासून पुढे ‘इसन्ने समानीन मया व अलफ’ असे लिहिले जात होते. इसन्ने म्हणजे दोन, समानीन म्हणजे ऐंशी, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. झाले ११८२. त्यात ५९९ मिळवले की १७८१. इथे एककापासून सुरुवात आहे आणि हजार सर्वांत शेवटी. आपले ‘ब्याऐंशी’ही दोनापासूनच सुरू होते, त्यामुळे मराठी कारकुनाला त्यात काही खटकले नसावे.

अपूर्णांकांचेही तसेच. जुन्या रोजकीर्दीत आकड्यापुढे एक उभा दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ४॥ हे वाचायचे साडेचार. ते तोंडी करायला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे पाढे होते. औट म्हणजे साडेतीन. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणे-पै गेले, आणि हे पाढे हळूहळू शाळेतून गेले. पण ‘सव्वा’, ‘दीड’, ‘अडीच’ गेले नाहीत. इंग्रजीत ‘टू अँड अ हाफ’ असे चार शब्द लागतात तिथे आपण ‘अडीच’ म्हणून मोकळे होतो.

एक नोंद माझ्या पेशाची म्हणून करतो. १८२० च्या दशकात मुंबई इलाख्यात इंग्रजी वळणाच्या शाळा सुरू होत होत्या, तेव्हा इंजिनिअर्स दलातले जॉर्ज जर्व्हिस नावाचे लष्करी अधिकारी शास्त्र्यांच्या मदतीने हटनच्या इंग्रजी गणिताची पुस्तके मराठीत आणत होते. आपल्याकडून गेलेले आकडे पाचसहाशे वर्षे युरोपात राहून एका फौजी माणसाच्या हातून मराठी पाठ्यपुस्तकात परत आले. आपण त्यांना ‘इंग्रजी आकडे’ म्हणू लागलो.

साहेबही उलटेच म्हणत असे

आता इंग्रजीकडे वळू. आपल्याला वाटते की इंग्रजीत ‘ट्वेंटी-फाइव’ हे पहिल्यापासून सरळ होते. तसे नाही. जुने इंग्रज ‘फाइव अँड ट्वेंटी’ म्हणत, म्हणजे आपल्या पंचवीससारखेच, आधी पाच. जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्यांत माणसांची वये पुष्कळदा याच रीतीने सांगितलेली आहेत. ती बाई १८१७ साली वारली, आणि त्याच वर्षी इंग्रजांनी जबलपूर घेतले. म्हणजे इथे आलेल्या साहेबांच्या तोंडीही ही जुनी रीत असणारच. एकोणिसाव्या शतकात ती मागे पडत गेली.

पण तेरा ते एकोणीस या आकड्यांत तिचा अवशेष अजून आहे. ‘फोर्टीन’मध्ये चार आधी, दहा नंतर. म्हणूनच इंग्रजी माध्यमातली लहान मुले ‘फोर्टीन’ ऐकून ४१ लिहितात. जर्मन भाषेत तर अजूनही सगळीकडे एकक आधी. तेव्हा मराठी उलटी आणि इंग्रजी सुलटी असा न्यूनगंड नको.

नॉर्वे या देशात तर हा प्रश्न संसदेत गेला. तिथले लोकही ‘पाच आणि वीस’ म्हणत. टेलिफोन वाढले, क्रमांक लांब झाले, आणि क्रमांक सांगताना-ऐकताना गोंधळ होऊ लागला. टेलिफोन खात्याने आग्रह धरला, संसदेने ठराव केला, आणि १ जुलै १९५१ पासून ‘वीस-पाच’ ही नवी रीत शाळा, रेडिओ आणि सरकारी कामात लागू झाली. परिणाम काय झाला? नवी रीत रुळली, पण जुनी मेली नाही. कित्येक घरांतून ती आजही ऐकू येते.

हे वाचताना तुम्हाला २०१९ चा जून आठवला असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशीही रीत दिली गेली. गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. त्यांचे म्हणणे असे की मराठी संख्यानामांत जोडाक्षरे फार, उच्चाराचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा, त्यामुळे लहान मुले गणितालाच घाबरतात. जुनी नावे पुस्तकातून काढलेली नाहीत, हेही त्यांनी सांगितले. तरी गदारोळ झाला, विधानसभेत विषय गाजला, थट्टाही भरपूर झाली.

माझे मत विचाराल तर दोन्ही बाजूंचे थोडे थोडे बरोबर होते. अडचण खरी होती, नारळीकरबाईंनी ती बरोबर ओळखली होती. पण ‘एकोणसत्तर’ हा शब्द केवळ आकडा नाही. त्यात आजीचे वय आहे, बाजारहाट आहे, पाढ्यांची लय आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना हे जास्त टोचते. इकडच्या मुलांच्या तोंडून जे मराठी शब्द सर्वांत आधी जातात त्यांत संख्यानामे असतात. मुलगा बाकी सगळे मराठीत बोलतो आणि आकडा आला की इंग्रजीत जातो. दोन रीती शेजारी शेजारी नांदू शकतात, हे नॉर्वेने दाखवले आहे. एक आली म्हणून दुसरी हाकलायची गरज नाही.

घटना समितीतला वाद

आकड्यांवरून भांडण होणे आपल्याला नवे नाही. १९४९ साली घटना समितीत राजभाषेचा प्रश्न आला तेव्हा हिंदी भाषा आणि देवनागरी लिपीइतकाच वाद आकड्यांवर झाला. नागरी आकड्यांचा आग्रह धरणाऱ्यांत आमच्या जबलपूरचे सेठ गोविंददास पुढे होते. दक्षिणेतल्या सभासदांचे म्हणणे, आमच्याकडे व्यवहारात आंतरराष्ट्रीय आकडेच चालतात, तेच ठेवा. १४ सप्टेंबर १९४९ ला तडजोड झाली. अनुच्छेद ३४३ मध्ये शब्द आले ते असे की संघराज्याच्या शासकीय कामासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप वापरले जाईल. ‘इंग्रजी अंक’ असे घटनेत कुठे म्हटलेले नाही. अंक भारतीय, रूप आंतरराष्ट्रीय. मूळ कोणाचे आहे हे त्या वाक्यात राखले गेले.

वाद तिथेच संपला असेही नाही. २०१६ साली नव्या नोटा आल्या तेव्हा त्यांवर देवनागरीतलाही आकडा होता, आणि ते घटनेला धरून नाही अशी तक्रार मद्रास उच्च न्यायालयात गेली. तुमच्या खिशातली पाचशेची नोट काढून पाहा. आकडा दोन रूपांत आहे, आणि मागे पंधरा भाषांच्या रकान्यात मराठीतही रक्कम अक्षरी लिहिलेली आहे.

वायरलेसवरचा आकडा

आता सैन्य. भारतीय सैन्यात पंजाबी, तमिळ, मराठा, नागा, गढवाली सगळे एकाच सेटवर बोलतात. सेटवर खरखर, शेजारी इंजिनाचा आवाज, आणि बोलणारा दमलेला. अशा वेळी ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत कानाला फरक कळत नाही. हिंदीत ‘सड़सठ’ आणि ‘अड़सठ’, मराठीत ‘सदुसष्ट’ आणि ‘अडुसष्ट’, तीच अडचण. कोणतीही भाषा यातून सुटलेली नाही.

चुकीची किंमत काय? समजा दिशा सांगायची आहे, १५ अंश, आणि ऐकली गेली ५० अंश. एक किलोमीटर चालल्यावर माणूस जिथे असायला हवा तिथून सुमारे सहाशे मीटर दूर असतो. रात्री, डोंगरात, सहाशे मीटर म्हणजे वेगळी दरी. नकाशावरचा सहा आकड्यांचा संदर्भ घ्या. पहिले तीन आकडे पूर्वेचे, पुढचे तीन उत्तरेचे. तिसरा आकडा एकाने चुकला तर शंभर मीटरचा फरक, दुसरा चुकला तर एक किलोमीटर, पहिला चुकला तर दहा. तो संदर्भ तोफखान्याला दिलेला असेल आणि मधे आपलीच तुकडी असेल, तर पुढे बोलायला नको. सुटलेला गोळा परत बोलावता येत नाही.

म्हणून जगभरच्या सैन्यांनी आणि विमानसेवांनी एकच उपाय केला. आकडा नावाने म्हणायचा नाही, एकेक अंक सुटा म्हणायचा. पंधरा अंश म्हणजे ‘झीरो वन फाइव’, पन्नास म्हणजे ‘झीरो फाइव झीरो’. ‘डबल फाइव’ चालत नाही, ‘फाइव फाइव’ म्हणायचे. शून्याला ‘ओ’ म्हणायचे नाही, कारण ‘ओ’ हे अक्षरही आहे. ‘फाइव’ आणि ‘नाइन’ यांतला स्वर एकच, खरखरीत तेवढाच ऐकू येतो, म्हणून नऊला ‘नायनर’ आणि पाचाला ‘फाइफ’. तीनला ‘ट्री’, चाराला ‘फोअर’ असे दोन सुटे भाग करून. ऐकणाऱ्याने सगळा आकडा परत म्हणून दाखवायचा, आणि मगच तो पोहोचला असे समजायचे. सिग्नल्सचे प्रशिक्षण केंद्र जबलपुरातच आहे, तेव्हा कित्येक तरुणांनी हे धडे आमच्या गावात घोकले आहेत. माझ्या ओळखीच्या एका सुभेदारसाहेबांना निवृत्तीनंतरही दूधवाल्याचा हिशेब परत म्हणून घेण्याची सवय होती. दूधवाला वैतागे, पण त्या घरी महिनाअखेरीस कधी भांडण झाले नाही.

नाणेघाटात लिहिणे म्हणण्याच्या मागे चालत होते. शून्याने त्यांची ताटातूट केली. वायरलेसवर म्हणणे लिहिण्याच्या मागे चालू लागले: कागदावर जे अंक, ज्या क्रमाने, तेच जिभेवर. दोन हजार वर्षांनी ती फट बुजली, पण दुसऱ्या बाजूने.

रोजच्या कामाला

आता नियम. मोजकेच सांगतो.

पहिला, ‘टीन’ आणि ‘टी’. ‘फिफ्टीन’मध्ये शेवटचे अक्षर लांबवून जोर द्या, ‘फिफ्टी’मध्ये पहिल्यावर. औषधाचा डोस, इन्शुलिनचे युनिट, रक्कम असे काही असेल तर पुढे अंक सुटे म्हणा: ‘फिफ्टीन, वन फाइव’. डॉक्टर किंवा नर्स काही सांगेल तर परत म्हणून विचारा. यात लाजण्यासारखे काही नाही.

दुसरा, स्वल्पविराम. आपण हजारानंतर दोन-दोन अंकांनी तोडतो, १२,३४,५६७. इंग्रज-अमेरिकन तीन-तीनने तोडतात, १,२३४,५६७. अंक तेच, किंमत तीच. दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन, एक लाख कोटी म्हणजे एक ट्रिलियन. जुन्या ब्रिटिश पुस्तकात बिलियन दिसला तर सावध, तिथे तो मिलियनच्या मिलियनपट असे. ब्रिटिश सरकारने १९७४ साली अमेरिकन अर्थ स्वीकारला. आणि आपल्यातही एक फरक आहे: लीलावतीचे खर्व म्हणजे हजार कोटी, हिंदीतले खरब म्हणजे दहा हजार कोटी. जबलपुरात हे माहीत असलेले बरे.

तिसरा, दशांश. ३.१४ हे ‘थ्री पॉइंट वन फोर’, ‘पॉइंट फोर्टीन’ नव्हे. बिंदूनंतर चौदा म्हटले की ३.१४ हे ३.९ पेक्षा मोठे वाटू लागते. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना बिंदूआधी शून्य द्या, ०.५. आणि एक मिलिग्रॅम असेल तर नुसता १ लिहा, १.० नको, बिंदू पुसट असला तर दहा वाचले जातात.

चौथा, ‘हंड्रेड’, ‘थाउजंड’ यांना आकड्यानंतर अनेकवचन लागत नाही. ‘फाइव हंड्रेड रुपीज’, ‘फाइव हंड्रेड्स’ नाही. ब्रिटिश माणूस ‘टू हंड्रेड अँड फाइव’ म्हणतो, अमेरिकन तो ‘अँड’ पुष्कळदा गाळतो. दोन्ही चालते. अक्षरात लिहिताना एकवीस ते नव्व्याण्णवपर्यंत मधे जोडरेघ द्या, ट्वेंटी-वन.

पाचवा, तारीख. ३/४ हे आपल्याकडे तीन एप्रिल, अमेरिकेत चार मार्च. सैन्यात महिना अक्षरात लिहितात. तुम्हीही लिहा, व्हिसाचा अर्ज वाचेल.

आणि सहावा इंग्रजीचा नाही, घरचा आहे. नातवाला ‘सिक्स्टी-नाइन’ नीट म्हणायला जरूर शिकवा, त्याचे पुढचे आयुष्य त्यावर आहे. पण त्याच वेळी त्याला एकोणसत्तर म्हणजे काय ते फोड करून सांगा: एक-ऊन-सत्तर, सत्तरला एक कमी. सदुसष्टमध्ये सात आणि साठ कुठे आहेत ते दाखवा. पाठांतराची भीती जाते ती अशी. दिवसातून एकदा घड्याळ मराठीत विचारा, सव्वापाच, साडेसहा, पावणेआठ. साडे आणि पावणे हे शब्द इंग्रजीत नाहीत, ते आपणच दिले नाहीत तर त्याला दुसरे कोणी देणार नाही.

पुढच्या भागात नकाशा वाचायला शिकू. तोवर, कोणी फोनवर आकडा सांगितला तर परत म्हणून घ्या.

जय हिंद.